सील शाबूत, माल सादळलेला

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. दाजींनाही सांग, आणि त्यांच्या गुडघ्याची मी मुद्दाम चौकशी केली आहे असंही सांग (डावा की उजवा ते नक्की आठवत नाही, म्हणून नुसतं ‘गुडघा’ म्हण). तुझा खोकला गेला असेल, गोळ्या वेळेवर घेत असशील, असं धरून चालतो. तुझ्याकडे सध्या जे माणूस राहायला आलं आहे, तेही खुशाल असेलच. तिला जाऊन आज अकरा दिवस झाले. मात्र हे पत्र त्याबद्दल नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. नवरा-बायकोच्या गोष्टींत बहिणीला ओढणाऱ्यांतला मी नाही. हे पत्र कॉर्नफ्लेक्सबद्दल आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. ती पोचली त्या संध्याकाळी तू फोन केलास आणि चांगली वीस मिनिटं बोललीस. मीही मधूनमधून ‘हो हो’, ‘अगदी बरोबर’, ‘तुझंच खरं’ असं म्हणत होतो. आता खरं सांगतो, त्यातलं माझ्यापर्यंत फारसं काही पोचलं नाही. हे फोनवाले हल्ली बोलण्यातला गर काढून घेतात आणि नुसती सालं पुढे पाठवतात (यात त्यांचा काय फायदा आहे, ते मी शोधतो आहे). तेव्हा जे काही बोलली होतीस ते पुन्हा एकदा कागदावर लिहून पाठव, लेखी असलेलं केव्हाही बरं. या पत्राचा लिफाफा मी तीन ठिकाणी चिकटवणार आहे आणि तिसऱ्या पट्टीवर माझी सही असेल, अर्धी पट्टीवर आणि अर्धी कागदावर. दोन्ही अर्ध्या जुळल्या नाहीत, तर वाटेत कोणीतरी उघडलं असं समज. उघडण्याआधी तपास, उघडल्यावर नव्हे. (हे तुला सांगायला नको, पण दाजींना सांगावं लागेल.)

एकतीस वर्षं मी पार्सल डेपोत सिलं तपासली, हे तुला ठाऊकच आहे. दोरी, दोरीची गाठ, गाठीवर शिशाची गोळी आणि गोळीवर पकडीनं उठवलेला आकडा. आमच्याकडे नियम तीनच होते आणि ते भिंतीवर रंगवलेले होते. सील तुटलेलं असेल, तर दोष वाहून आणणाऱ्याचा. सील शाबूत आणि माल खराब, तर दोष पाठवणाऱ्याचा. पाठवणाराही निर्दोष ठरला, तर दोष तपासणाऱ्याचा. पहिल्या दोन कलमांवर मी इतक्या वेळा बोट ठेवलं की तिथला रंग उडाला. तिसऱ्याला हात लावायची वेळ कधी आली नाही. शिवाय माझा कान. बंद खोका कानाशी धरून हलवला की आत काच फुटली आहे का, फुटली असेल तर तुकडे किती, हे मी न उघडता सांगत असे. अख्खा डेपो मला ‘कानसेन’ म्हणायचा. निरोप समारंभात साहेबांनीही भाषणात तेच म्हटलं असं म्हणतात (मला नीट कळलं नाही, माइक खराब होता).

आता मूळ मुद्दा. निवृत्तीपासून आम्ही दोघं सकाळी कॉर्नफ्लेक्स खातो. ती वाटीत दूध घालून, खिडकीपाशी बसून. मी मात्र पहिली मूठ कोरडीच खातो. कॉर्नफ्लेक्स ताजे आहेत की सादळलेत, हे जिभेला कळत नाही, ते कानाला कळतं. आत जो कडाकडा आवाज व्हायला हवा, तो झाला की दिवस बरा जातो. तर साताठ महिन्यांपूर्वी हा आवाज कमी व्हायला लागला. आधी वाटलं, एखादा खोका खराब निघाला असेल. मग दुसरा, मग तिसरा. कुठंतरी पाणी मुरतंय हे माझ्या लक्षात आलं. हिला म्हटलं, सादळलेत. ती म्हणाली, छान आहेत की. (तेव्हा ती अजून ऐकू येईल असं बोलत असे.)

मग मी उपाय सुरू केले. आतली पिशवी दुमडून कपड्यांचा चिमटा लावला. एका चिमट्यानं भागेना म्हणून पाच लावले, तर दोरीवरच्या चादरी उडून गेल्या आणि तो दोषही माझ्या माथी आला. पिशवीतून काढून स्टीलच्या डब्यात भरले. डब्याचं झाकण सैल वाटलं म्हणून काचेची बरणी आणली, रबरी कडं आणि तारेची कडी असलेली. ती इतकी घट्ट निघाली की दोन दिवस उघडलीच नाही, आणि तिसऱ्या दिवशी उघडली ती कडीसकट हातात. कोरडे तांदूळ फडक्यात बांधून डब्याच्या तळाशी ठेवले, ओल शोषून घेतात म्हणून (ती पुरचुंडी एकदा हिच्या वाटीत गेली, दुधात. ती हसली होती तेव्हा). डबा चुलीपासून हलवला, मोरीपासून हलवला, शेवटी बैठकीच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटात ठेवला. फ्रिजमध्ये ठेवले, तर फ्रिजचाच वास लागला. इतकं करून सकाळी पहिली मूठ तोंडात टाकावी, तर आत सगळं सामसूम.

इतक्या बंदोबस्तातूनही ओल आत शिरते, म्हणजे कोणीतरी डबा उघडा ठेवतं. घरात माणसं दोन. त्यातला एक मी. ताई, हे लिहिताना बरं वाटत नाही, पण त्या सुमारास घरात इतरही गोष्टी घडत होत्या आणि त्या सगळ्या एकाच दिशेनं बोट दाखवत होत्या. ही हळू बोलायला लागली होती. तोंड हलताना दिसायचं, पण मुद्द्याचा शब्द आला की आवाज गडप. मुलीशी फोनवर बोलताना तर नुसती कुजबुज. मी खोलीत आलो की दोघींचं बोलणं संपायचं आणि ही माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायची. टीव्ही मी मोठा केला की ती लहान करायची, म्हणून मी समजलो की तिलाच कानांचा काही त्रास होतोय, आवाज सहन होत नाहीत बिचारीला. फ्रिजवर कानाच्या डॉक्टरांचं कार्ड चुंबकाखाली लावलेलं दिसलं तेव्हा माझी खात्रीच पटली. मी काही बोललो नाही. आपलं दुखणं लपवणाऱ्या माणसाला आपण उघडं पाडू नये.

बाहेरही तेच. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करेनासं झालं, पण वेळ बरोबर दाखवतं. घड्याळजीनं दुरुस्तीला नेऊन आतला चांगला भाग काढून घेतला असणार. टपालवाला घंटा न वाजवताच ‘घरी कोणी नव्हते’ अशी चिठ्ठी टाकून जातो, मी दारामागच्या खुर्चीत बसलेला असताना. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंचं मशीन बंद पडून सहा महिने झाले असावेत, आणि तरी त्या रोज गठ्ठेच्या गठ्ठे शिवलेले पडदे घेऊन जिना उतरतात. ते पडदे येतात कुठून? मी विचारलं नाही, नुसती नोंद ठेवली.

शेवटी जे करायचं नव्हतं ते केलं. पेटीतून जुनी पकड काढली, डब्याला दोरी गुंडाळली आणि शिशाची गोळी दाबून सील केलं. आकडा दिला १. सकाळी ही स्वयंपाकघरात आली. दूध तापवलेलं होतं, तिची वाटी पुसून ठेवलेली होती. तिनं डबा पाहिला, सील पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, रोज नाश्त्याच्या वेळी माझ्यासमोर फोडायचं आणि माझ्यासमोर पुन्हा लावायचं, यात कोणावर आरोप नाही, ही नुसती पद्धत आहे. तिनं वाटी पुन्हा धुतली (ती कोरडी होती) आणि फळीवर उपडी ठेवली. दूध झाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुझ्याकडे निघाली. आधी म्हटल्याप्रमाणे, हे पत्र त्याबद्दल नाही.

आता पुढचं ऐक. ती गेली, सील शाबूत, आणि कॉर्नफ्लेक्स तसेच मऊ. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. म्हणजे ती निर्दोष. हे मी वहीत तारीख घालून लिहून ठेवलं आहे, हवं तर तिला दाखव. (वही पाठवतो.) तेव्हा माझं लक्ष शिवणवाल्या बाईंकडे गेलं. त्यांच्याकडे आमची जादा किल्ली असते. सील न तोडता दोरी सैल करणारे लोक मी डेपोत पाहिले आहेत. पण आधी माल तरी वाचवावा म्हणून मी चौथ्या दिवशी सगळे कॉर्नफ्लेक्स तव्यावर मंद आचेवर पसरले. ओल उडाली की पुन्हा कुरकुरीत होतात, असं कुठेसं वाचलं होतं. एकेक उचलून चावून बघत होतो. पिवळे झाले, आवाज नाही. तांबूस झाले, आवाज नाही. मी आच वाढवली. काळे झाले, तरी आवाज नाही. मी तिथंच उभा, कान टवकारून, आणि धुरातून एकदम शिवणवाल्या बाई प्रकट झाल्या, हातात आमची किल्ली आणि गळ्यात मापाची टेप. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, त्या दहा मिनिटं घंटा वाजवत होत्या, दार बडवत होत्या आणि छताला लावलेली धुराची घंटा तर वरपर्यंत ऐकू येत होती. मी नम्रपणे सांगितलं की कुठलीही घंटा वाजलेली नाही. त्यांनी गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि माझ्याकडे अगदी हिच्यासारख्याच नजरेनं बघितलं. दोघी मिळालेल्या आहेत, असं मी तेव्हा लिहून ठेवलं. नंतर ते खोडलं. ते का, ते पुढे येतंच आहे.

उरलं दुसरं कलम. सील शाबूत आणि माल खराब, तर दोष पाठवणाऱ्याचा, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याचा. काल सकाळी मी टोपी घालून, वही घेऊन दुकानात गेलो. चारपाच गिऱ्हाइकं होती, त्यांत शिवणवाल्या बाई होत्या आणि कडेवर तान्हं मूल घेतलेल्या एक बाई होत्या. मी नवा खोका मागितला. कारखान्याची चिकटपट्टी, आतल्या पिशवीची शिवण, सगळं शाबूत, मी स्वतः बोट फिरवून तपासलं. मग तिथंच फोडला आणि एक मूठ तोंडात टाकली. मऊ. कापूस चावावा तसं. मी भर दुकानात जाहीर केलं की हा माणूस आठ महिने सादळलेला माल विकतो आहे (थोडं मोठ्यानं बोललो, हल्ली लोकांना कमी ऐकू येतं). वाण्याचा चेहरा पडला. ताई, तो आपला वडिलांच्या वेळेपासूनचा वाणी, त्याचे डोळे पाणावल्यासारखे दिसले. तो काही बोलला नाही, किंवा बोलला असेल. त्यानं त्याच खोक्यातली मूठभर उचलली आणि माझ्याकडे बघत चावायला लागला.

आणि ते तान्हं मूल, जे इतका वेळ माझी टोपी ओढत होतं, ते गर्रकन वाण्याकडे वळलं आणि खिदळलं. वाणी थांबला, मूल थांबलं. वाण्यानं पुन्हा चावलं, मूल पुन्हा खिदळलं, हात नाचवायला लागलं. मी वाण्याच्या जबड्याकडे बघतोय, जबडा हलतोय, मूल हसतंय, सगळं दुकान हसतंय, आणि मला काहीच नाही. मी एकतीस वर्षं साक्षीदार तपासले आहेत. तान्ह्या मुलाला कोणी पढवून आणू शकत नाही. शिवणवाल्या बाईंनी पिशवीतून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि वाण्याच्या लाकडी फळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘काका, कुरकुरीत आहेत. दुकानभर आवाज येतोय.’ लोक एकदम गप्प झाले. ते गप्प झाले आहेत हे मला त्यांच्या तोंडांवरून कळलं, कारण तसं ऐकायला आधीही काही नव्हतं.

यावरून काही सिद्ध होतं, असं मी आत्ताच म्हणणार नाही. मूल कशालाही हसतं. मी वाण्याची माफी मागितली, खोका घेतला, घरी आलो आणि आज जेवणाच्या टेबलाशी बसून हे पत्र लिहितो आहे. सापसाप म्हणून मी आठ महिने भुई धोपटत होतो की काय, अशी शंका मात्र आली आहे. समोर डबा आहे, त्याला सील आहे, आणि तिची वाटी फळीवर अजून उपडीच आहे.

दाजींच्या त्या गुडघ्याला शेक द्या. कळावे. लोभ आहे तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, सादळू देऊ नकोस.

तुझा धाकटा भाऊ
(निवृत्त सील तपासनीस)

ता. क. १ : पत्र बंद करून ठेवलं होतं, ते आज पुन्हा उघडलं (मीच उघडलं, सही जुळणार नाही, घाबरू नकोस). फ्रिजवरचं कार्ड काढून पाहिलं. एकतीस वर्षं मी प्रत्येक वस्तूची मागची बाजू आधी पाहिली, आणि हे कार्ड तीन महिन्यांत एकदाही उलटलं नाही. मागे तिच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘यांच्यासाठी. गुरुवार, अकरा वाजता.’ खाली तारीख होती. तो गुरुवार ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी होता. मी आज तसाच गेलो. डॉक्टरीणबाईंनी डोक्याला दोन वाट्यांसारखं काहीतरी लावलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून लिहून दिलं. मी तयारीत बसलो, तर त्यांनी आवाजच पाठवला नाही. मी तशी तक्रार केली. त्यांनी मला कागदावरची रेघ दाखवली. ती रेघ घसरगुंडीवरून उतरल्यासारखी खाली गेली आहे. बारीक, टोकदार आवाज सगळे गेले आहेत म्हणे, घंटा, घड्याळ, शब्दांच्या कडा, आणि कॉर्नफ्लेक्स. मग एक यंत्र नमुन्यादाखल कानात घातलं. ताई, माझ्या सदऱ्याची बाही टेबलाला घासली ती मला ऐकू आली. मी दोनचार वेळा घासून पाहिली. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी खिशातून पुराव्यादाखल ठेवलेले कॉर्नफ्लेक्स काढून तोंडात टाकले. आवाज नाही. मी म्हटलं, यंत्र खोटं आहे. डॉक्टरीणबाईंनी एक तुकडा घेऊन खाल्ला आणि म्हणाल्या (हे स्वच्छ ऐकू आलं), ‘काका, हे खरोखरच सादळलेत.’ खिशाला झाकण नसतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझं स्वतःचं यंत्र पुढच्या मंगळवारी मिळेल. तोवर तिसरं कलम लागू.

ता. क. २ : आता खरं काम. ती गेली त्या सकाळी दारात तिनं पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे तोंड करून काहीतरी सांगितलं. बराच वेळ बोलली. मध्ये थांबली, उत्तराची वाट पाहिली. मला एक अक्षर कळलं नाही. मी म्हटलं, ‘बरं.’ तिच्या भुवया वर गेल्या, तिनं काहीतरी विचारलं. मी म्हटलं, ‘बरं, बरं.’ त्यावर तिचा चेहरा जसा झाला, तो इतके दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ताई, मी कशाला होकार दिला? चार दिवसांनी येते म्हणाली असेल, तर चार दिवस कधीच झाले. मीच घ्यायला यावं असं म्हणाली असेल, तर मी इतके दिवस बसून राहिलो. आणि मी परत नाही आले तर चालेल का, असं विचारलं असेल तर? तू तिला सहज विचारल्यासारखं विचार आणि मला कागदावर लिहून पाठव. मला ऐकू आलं नव्हतं, हे तिला कळू देऊ नकोस. नाही, कळू दे. तिला ते माझ्याआधीच माहीत आहे.

ता. क. ३ : न ऐकता दिलेल्या होकाराला डेपोत माफी नव्हती. न वाचता सह्या करणारी किती माणसं मी स्वतः अडकवली आहेत. तरी तिला सांग, तुमच्याकडून दूध तापवून होईल का असं विचारलं असेल, तर होतंय. घ्यायला या असं म्हणाली असेल, तर शनिवारच्या पहिल्या गाडीनं निघतो. त्या तिसऱ्या प्रश्नाला दिलेलं ‘बरं’ मात्र मी परत घेतो. डब्याचं सील काढून टाकलं आहे आणि पकड शिवणवाल्या बाईंना देऊन टाकली आहे. तिची वाटी सुलटी करून ठेवली आहे. आणि ती आपण होऊन आलीच, तर तिला म्हणावं, घंटा वाजवत उभी राहू नकोस, मला ऐकू येणार नाही. सरळ आत ये. मी दार उघडंच ठेवतो.